पोरांना तोंडात वाढवणारा बाप

डहाणूच्या बंदरावर होड्या लागल्या की टोपल्यांत नाना जातींचे मासे दिसतात. पापलेट सर्वांना ठाऊक. बोंबीलही ठाऊक. पण टोपलीत एखादा मिशाळ मासाही असतो. त्याच्या अंगावर खवले नसतात. डोके हाडासारखे टणक असते. हा शिंगाळा. ओढ्यातला मागूर तुम्ही पाहिला असेल. त्याच्याच दूरच्या गोतातला हा समुद्रातला मासा.

शिंगाळा समुद्राच्या तळाशी, चिखलात राहतो. तिथे पाणी गढूळ. उजेड कमी. मग तो खाणे कसे शोधतो? मिशांनी! आंधळा माणूस काठीने वाट चाचपतो ना, तसा शिंगाळा मिशांनी चिखल चाचपतो. मिशांना चवही कळते. खेकडे, कोळंबी, किडे सापडले की गट्ट करतो.

त्याला तीन काटे असतात. एक पाठीवर आणि दोन बाजूंना एकेक. काट्यांना करवतीसारखे दाते असतात, आणि विषही असते. आमच्या शाळेतल्या एका मुलाने एकदा बंदरावर शिंगाळा हाती धरला. काटा बोटात गेला. पोर रात्रभर कळवळले. काय करावे हे तेव्हा आम्हांलाही माहीत नव्हते. आता सांगतो. जखम धुवावी. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी आधी दुसऱ्या, चांगल्या हाताने पाहावे, म्हणजे भाजणार नाही. नंतर दवाखान्यात जावे. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टर तो काढतात. धनुर्वाताची सुईही घ्यावी लागते.

आता खरी नवलाची गोष्ट ऐका. बहुतेक मासे हजारो, लाखो अंडी घालतात आणि निघून जातात. शिंगाळ्याची मादी थोडीच अंडी घालते. काही डझन, फार तर शंभर-दोनशे. पण एकेक अंडे लहान बोराएवढे! ती अंडी नर तोंडात घेतो. पिले अंड्यांतून निघून पोहू लागेपर्यंत तो ती तोंडातच सांभाळतो. यात महिना, दोन महिने जातात. तेवढे दिवस बाप जवळजवळ उपाशीच राहतो. खाणार तरी कसा? तोंडात पोरे ना!

पण या मायेतच त्याचा घात आहे. असा एक नर जाळ्यात सापडला की तोंडातली अंडी गळून पडतात. एक मासा मरतो आणि त्याच्याबरोबर सारी पिढी मरते. १९८०च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर असेच झाले. पर्ससीन जाळी माशांच्या थव्याला चहूकडून वेढतात आणि खालून थैलीसारखी आवळतात. त्या जाळ्यांत तोंडात अंडी असलेले नर ढिगांनी सापडले. पुढच्या वर्षांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शिंगाळा फार घटला. अंडी थोडी, म्हणून भरपाईही सावकाश होते.

आंब्याचा मोहोर झोडपला तर आंबे कोठून येणार? डहाणूचा कोळी असो की तलासरीच्या झाईचा, ही गोष्ट त्याने ध्यानात ठेवावी. तोंडात अंडी असलेल्या नरांचा थवा दिसला तर त्याला वेढू नये. अंडी असलेला शिंगाळा बाजारात आला तर आपण तो मागू नये. मागणी नसली की कोणी मुद्दाम धरणार नाही.

बाप जगला तर पोरे जगतील. पोरे जगली तर उद्या आपल्या पोरांच्या टोपलीत मासा येईल.