दोन डीएनएस, पण एकाच यूपीएसवर?

पिरंगुटच्या एका वर्कशॉपवाल्या दादांचा प्रश्न: "सर, वेबसाइट क्लाउडवर आहे, डीएनएस सर्व्हर दोन आहेत. तरी लाईट गेली की थोड्या वेळाने गिऱ्हाइकाला साइट उघडत का नाही?"

गेलो बघायला. प्रायमरी आणि सेकंडरी, दोन्ही मशीन एकाच टेबलाखाली! यूपीएस एक, फायबर एक. मुळशीच्या पावसात तारा किती टिकतात, हे तुम्हाला मी काय सांगू?

सेकंडरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीच्या लाईनवर हवी. १९९७ च्या आरएफसी २१८२ मध्ये हेच लिहिलंय. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे डीएनएस सर्व्हर नेटवरून दिसेनासे झाले आणि व्हॉट्सॲपसकट सगळं सुमारे सहा तास ठप्प. सर्व्हर कमी नव्हते हो, पण सगळे त्यांच्याच नेटवर्कवर!

आम्ही सेकंडरी पुण्यातल्या होस्टिंगवाल्याकडे हलवली, रजिस्ट्रारकडे नोंद बदलली, झोन ट्रान्सफर फक्त तिच्याच आयपीला खुला ठेवला. मग प्रायमरी मुद्दाम बंद करून मोबाईल डेटावरून थेट सेकंडरीला एनएसलूकअपने विचारलं.

उत्तर आलं, पण जुनंच. दादांनी रेकॉर्ड बदललं होतं, सीरियल नंबर वाढवायचा राहिला होता.