शाई, रंगीत पेन्सिल आणि पाहणीची वही : खारदांड्याच्या निमित्ताने

बोलीच्या पाहणीस निघणाऱ्या संशोधकाने बरोबर काय न्यावे, याविषयी मार्गदर्शक पुस्तकांतून बरेच सांगितलेले असते. शब्दसूची कशी असावी, माहितगार कसा निवडावा, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, यांची चर्चा विस्ताराने येते. ज्या शाईने ही उत्तरे उतरून घ्यावयाची आणि ज्या रंगीत पेन्सिलींनी त्यांवर खुणा करावयाच्या, त्यांच्याविषयी मात्र सहसा एक वाक्यही आढळत नाही. ही साधने बाजारातून आणली की झाले, अशी समजूत असते. वही एकदा पावसात भिजली म्हणजे ती समजूत टिकत नाही.

खारदांडा हे मुंबईच्या पश्चिम उपनगरात, वांद्रे व जुहू यांच्या दरम्यान समुद्रकाठी वसलेले कोळ्यांचे जुने गाव. गावाच्या नावातील दोन्ही शब्द किनाऱ्याचेच आहेत. खार म्हणजे भरतीचे पाणी चढणारी क्षारयुक्त जमीन. दांडा हा शब्द राजपुरीजवळच्या दांड्याप्रमाणे कोकणपट्टीतील अन्य स्थळनामांतही भेटतो. कोळ्यांच्या बोलीची नोंद ग्रिअर्सन यांच्या भाषापाहणीच्या मराठीविषयक सातव्या खंडात १९०५ सालीच झालेली आहे. गावाभोवती आता उंच इमारतींचे खार पसरले असले, तरी 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणारी, मूर्धन्य ण टाळणारी ही बोली अभ्यासकास अद्यापि बोलावीत असते.

परंतु तिच्या अभ्यासाचा सोयीचा काळ कोणता? होड्या समुद्रात असताना पुरुषमंडळी घरी नसतात, आणि स्त्रिया मासळीच्या विक्रीत व सुकवणीत गुंतलेल्या असतात. पावसाळ्याच्या आरंभी मासेमारी बंद राहते, होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीस निघतात, आणि बोलावयास माणसांना सवड सापडते. म्हणजे माहितगार जेव्हा मोकळा असतो नेमके तेव्हाच हवेत पाणी व मीठ दोन्ही भरलेली असतात. कागदातील तंतू ही ओल शोषून फुगतात. मिठाचे कण बसले तर ती ओल अधिकच धरून ठेवतात. पुण्यास फेब्रुवारीत ज्या वहीवर ज्या शाईने रेघ स्वच्छ उमटते, त्याच वहीवर त्याच शाईने खारदांड्यास जुलैत उमटेलच असे नाही. शाईची परीक्षा दुकानातील कागदाच्या तुकड्यावर करण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

ही गोष्ट केवळ सुवाच्यतेची असती तर तिच्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. मराठीत च व ज या अक्षरांचे उच्चार दोन प्रकारचे आहेत, लेखनात मात्र भेद नाही. संख्यावाचक 'चार' मधील च तालव्य, तर 'गुरांना चारा चार' या आज्ञेतील च दंत्य. ध्वनिलेखन करणारा अभ्यासक हा भेद बहुधा अक्षराखाली टिंब देऊन दाखवितो. शाई फुटली की पहिला बळी या टिंबाचा जातो. अनुस्वाराचीही तीच गत. आज ध्वनिमुद्रणाची सोय प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत आहे हे खरे; पण बोलणाऱ्याने कोणत्या वस्तूकडे बोट दाखविले, कोणता शब्द त्याने हसून मागे घेतला, हे सारे वहीतच राहते. ती वही दहा-वीस वर्षांनी दुसऱ्याने वाचावयाची असते.

येथे शब्दांकडे थोडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. शाई हा शब्द फारसी 'सियाही'पासून आला. त्याचा मूळ अर्थ काळेपणा. तेव्हा 'काळी शाई' ही द्विरुक्ती आणि 'तांबडी शाई' ही व्युत्पत्तीच्या दृष्टीने विसंगती होय. पण बोलणाऱ्यांनी दोहोंचीही कधी पर्वा केली नाही. दऊत व कलम अरबीतून आले, कागद फारसीतून. लेखणी आपली, आणि बोरूही येथल्या मातीतला. फाउंटनपेनला 'झरणी' असे सुरेख नाव मिळाले, तथापि ते पुस्तकातच राहिले. याउलट शाईच्या दोषांना मराठीत जी क्रियापदे आहेत ती कोणी बनविलेली नाहीत: शाई फुटते, पसरते, गळते, अडते, मागे उमटते, विटते. परीक्षेची अर्धी परिभाषा अशी आयतीच हाताशी आहे, आणि ती इंग्रजीहून उणी नाही.

शाईचे मुख्य प्रकार रंगद्रव्यावरून पडतात. दिव्याच्या काजळीची, डिंकात घोटलेली शाई सर्वांत जुनी. काजळी म्हणजे कार्बन. उजेडाने तो विटत नाही, म्हणून मोडी दफ्तरांतील अक्षरे आजही काळीभोर दिसतात. पण डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे अशा कागदावर पाणी पडले तर अक्षर हलू शकते. उजेड व पाणी हे दोन वेगळे शत्रू आहेत आणि एकापासून वाचलेली शाई दुसऱ्यापासून वाचेलच असे नाही, हा या सर्व प्रकरणातील ध्यानात ठेवण्याजोगा मुद्दा आहे.

दुसरा प्रकार हिराकस आणि मायफळ यांच्या शाईचा. मायफळातील कषायद्रव्याचा हिराकशीतील लोहाशी संयोग होतो. हे मिश्रण ताजे असताना फिकट असते. कागदावर हवा लागल्यावर लोहाचे रूपांतर होऊन ते काळे पडते व तंतूंना घट्ट धरते. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून त्यात निळा रंग घालीत. 'ब्लूब्लॅक' या नावाचे मर्म हेच: लिहिताना निळी, वाळल्यावर काळी. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्यांत लोह मुळीच नसते, केवळ तशा छटेचा रंग असतो. नाव राहिले, वस्तू बदलली. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास या घटनेचे नवल वाटू नये. लोहयुक्त शाई पाण्याला दाद देत नाही, पण ती आम्ल असल्यामुळे पोलादी टाकाला व कालांतराने कागदालाही खाते.

तिसरा प्रकार विरघळणाऱ्या कृत्रिम रंगांचा. सध्या बाजारात मिळणाऱ्या बहुतेक शाया या वर्गातील आहेत. त्या पेनला सुखाच्या, रंगांनी मोहक. पाण्यात मात्र पुष्कळशा वाहून जातात. धुऊन निघणारी शाळकरी निळी शाई तर त्यासाठीच केलेली असते. चौथा प्रकार अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेल्या रंजककणांच्या शायांचा. या वाळल्यावर पाण्यास व उजेडास दोहोंसही टिकतात. परंतु पेनमध्येच वाळल्या तर वाट बंद करतात, म्हणून पेन वरचेवर धुवावे लागते. चित्रकारांची लाखयुक्त काळी शाई फाउंटनपेनमध्ये कधीही भरू नये.

महाराष्ट्रातील शाईचा आधुनिक इतिहास एका घरगुती उद्योगापासून सुरू होतो. १९३१ मध्ये दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधू गोविंद यांनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड व वड्या विकावयास आरंभ केला. वडी पाण्यात विरघळवून शाई करावयाची. तिचा गडदपणा पाणी ओतणाऱ्याच्या हातावर अवलंबून. पुढे पेनच्या शाईसाठी 'कॅमल' हे नाव आले, आणि कॅमल व इंक मिळून कॅमलिन झाले. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तीत मोठा हिस्सा घेतला. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी राजशाही येथे सुरू केलेली 'सुलेखा' ही त्याच स्वदेशी लाटेतील दुसरी शाई.

आता प्रत्यक्ष परीक्षा. एकच पेन, एकच हात आणि तीन कागद घ्यावेत: शाळेची साधी वही, खातेवहीचा जाड कागद, आणि ज्या वहीत पाहणी व्हावयाची तिचे पान. प्रत्येकावर तेच वाक्य लिहावे; त्यात टिंबे, अनुस्वार आणि ण-न, घ-ध अशा जवळच्या अक्षरांच्या जोड्या असाव्यात. हे लेखन समुद्रकाठच्या घरात, ओल्या हवेत रात्रभर उघड्या राहिलेल्या पानांवर करावे, आणि ताज्या पुडक्यातील कोरड्या पानावरील लेखनाशी ताडून पाहावे. शाई तंतूंच्या वाटेने किती फुटते हे बव्हंशी कागदाच्या खळीवर अवलंबून असते. जुन्या दौलताबादी किंवा जुन्नरी कागदाला खळ देऊन तो घोटीत असत, ते याचसाठी. स्वस्त वहीच्या कागदाला खळ अपुरी असते. तेथे महागडी शाईही लाजते, आणि दोष मात्र शाईच्या माथी येतो.

वाळण्याचा वेळ पाच, दहा, पंधरा सेकंदांनी बोट फिरवून मोजावा. पाण्याची परीक्षा लिहिल्यापासून पुरते चोवीस तास गेल्यावरच करावी. त्यापूर्वी केल्यास लोहयुक्त शाईवर अन्याय होतो. अर्धे पान तासभर पाण्यात बुडवून वाळवावे आणि कोरड्या अर्ध्याशी तुलना करावी. एक थेंब समुद्राच्या पाण्याचाही टाकून पाहावा. उजेडाची परीक्षा पावसाळ्यात होत नाही. ती नोव्हेंबर ते मे या काळात, पानाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याखाली झाकून, उन्हाच्या खिडकीत करावी. शेजारी निळ्या लोकरीची प्रमाणपट्टी ठेवता आली तर उत्तम. तिच्यात आठ तुकडे असतात आणि प्रत्येक पुढचा तुकडा विटावयास मागच्याच्या सुमारे दुप्पट उजेड लागतो. केवळ 'तीन महिने ठेवले' या विधानाला त्यामुळे मोजमापाचे रूप येते.

टीपकागदाच्या पट्टीवर शाईचा ठिपका देऊन तिचे टोक पाण्यात धरले, तर काळी म्हणून विकत घेतलेली शाई बहुधा निळा, तांबडा, पिवळा अशा पट्ट्यांत विभागलेली दिसते. कार्बनची शाई जागची हलत नाही. दहा मिनिटांत होणारा हा प्रयोग वेष्टनावरील वर्णनापेक्षा अधिक सांगून जातो.

या सर्व कसोट्यांत जिच्याकडे कोणी पाहत नाही ती शिसपेन्सिल फार वरच्या क्रमाने उतरते. तिच्यात शिसे नाही. तिचे नाव जुन्या गैरसमजाचा अवशेष आहे. ग्रॅफाइट हा कार्बनच होय. तो विटत नाही, पाण्याने पसरत नाही. दप्तरखान्यांच्या वाचनालयांत शाईला मज्जाव आणि पेन्सिलीला मुभा असते, ते मूळ कागदांच्या काळजीने. तिचा दोष एकच, घासले की पुसते. म्हणून पहिले टिपण पेन्सिलीने आणि त्याच रात्री पक्की प्रत लोहयुक्त अथवा रंजककणांच्या शाईने, ही योजना खारदांड्यासारख्या ठिकाणी सर्वांत सुरक्षित. मूळ टिपण मात्र खोडू नये.

रंगीत पेन्सिलीची घडण वेगळी. ग्रॅफाइटची कांडी माती मिसळून भट्टीत भाजतात. रंगीत कांडी भाजली तर तिच्यातील अनेक रंग नष्ट होतील, म्हणून रंजक, भरणद्रव्य व डिंकासारखा चिकट पदार्थ मेणात किंवा तेलात बांधतात. जर्मनीतील फाबर-कास्टेल यांच्या १९०८ मधील पॉलिक्रोमॉस पेन्सिली तेलबंधाच्या. स्वित्झर्लंडच्या कारान दाश यांनी १९३१ मध्ये, म्हणजे दांडेकरांच्या वड्यांच्याच वर्षी, पाण्यात विरघळणारी रंगीत पेन्सिल आणली. पाहणीच्या वहीस ही दुसरी जात वर्ज्य. मेणाची साधी पेन्सिल पाण्याला दाद देत नाही. तथापि जोराने भरलेल्या भागावर काही दिवसांनी मेणाचा पांढुरका थर येतो. तो मऊ फडक्याने निघतो. त्यास रंग उडाला असे समजू नये. खरोखर उडतात ते बहुधा गुलाबी व जांभळे, आणि स्वस्त पेट्यांतून अधिक लवकर.

बोलीतील रंगवाचक शब्द गोळा करताना ही माहिती निर्णायक ठरते. १९६९ मध्ये बर्लिन व के यांनी रंगनामांचा जो प्रसिद्ध अभ्यास केला, त्यासाठी मन्सेल पद्धतीचे ३२९ प्रमाणित रंगतुकडे वापरले होते. असे तुकडे महाग असल्याने आपल्याकडील विद्यार्थी रंगीत पेन्सिलींची पेटीच माहितगारापुढे उघडतो. यात दोन चुका होतात. पेन्सिलीच्या लाकडावरील लेप आणि कागदावर उतरणारा रंग एक नसतो. आणि एकच तांबडी पेन्सिल हलक्या हाताने गुलाबी, दाबून डाळिंबी उतरते. दोन गावांत दोन विद्यार्थ्यांनी भिन्न दाबाने रंगविलेले चौकोन दाखविले, तर उत्तरांतील फरक बोलींचा की बोटांचा, हे नंतर कोणास सांगता येणार?

यासाठी जाड कागदावर प्रत्येक पेन्सिलीचे तीन दाबांचे चौकोन एकाच हाताने एकाच दिवशी भरावेत, मागे क्रमांक घालावा, आणि माहितगारास पेटी न दाखविता हे चौकोनच, सावलीतील दिवसाच्या उजेडात, दाखवावेत. नाव त्याने सांगावे, सुचवू नये. मराठीची रंगनामे बहुतांशी वस्तूंवरून आली आहेत: तांब्यावरून तांबडा, तपकिरीवरून तपकिरी, जांभळावरून जांभळा, तसेच पोपटी, अबोली, मोरपंखी. ज्या गावाचा वस्तूंशी संबंध समुद्रामार्गे येतो तेथे वेगळी नावे मिळण्याचा संभव आहे, आणि पेटीवर छापलेले इंग्रजी नाव आधी वाचून दाखविल्यास तो संभव तेथेच संपतो.

रंगांनी केलेल्या खुणांचा अर्थही लिहून ठेवावा लागतो. जुने लेखक पोथीतील चूक झाकण्यास पिवळी हरताळ लावीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरून आला, आणि आज तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हरताळ पाहिलेली असते. हिरवी रेघ म्हणजे दुसरा माहितगार की शंकास्पद उच्चार, हे वहीच्या मालकाखेरीज कोणास ठाऊक नसेल, तर त्या रेघेचीही गत तशीच होते. वहीच्या पहिल्या पानावर शाईचे नाव व बाटली उघडल्याचा महिना, पेन्सिलींचे क्रमांक, प्रत्येक रंगाचा संकेत आणि परीक्षेचा एक नमुना चिकटवावा. नमुन्याचा अर्धा भाग झाकलेला असावा, म्हणजे पुढील वाचकास तो उघडून मूळ रंग पाहता येईल.