सिकलसेल : लग्नाआधी रक्त तपासा

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात व नंदुरबारच्या आदिवासी भागात त्याचे रुग्ण बरेच आढळतात. निरोगी तांबडी पेशी गोल व लवचीक असते. या आजारात प्राणवायू कमी पडला की ती विळ्यासारखी वाकडी होते व बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यामुळे हातापायांत असह्य वेदना होतात, रक्त कमी होते.

असे का होते? दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे १९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पुढे १९५६-५७ मध्ये ब्रिटनमधील केंब्रिज येथे, सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत, व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत फक्त एक बदललेले असते!

एवढ्याशा रेणूवर खर्च करून सामान्य माणसाला काय मिळाले? पॉलिंग यांनी वापरलेली इलेक्ट्रोफोरेसिस पद्धत आज याच आजाराच्या निदानासाठी वापरतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात; मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

वाहक व्यक्ती सहसा निरोगी दिसते. पण आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिका पाहा अथवा पाहू नका, मुलामुलीचे रक्त अवश्य तपासा. वाहक असणे हा कुणाचाही दोष नाही. ते लपवू मात्र नये.