प्रचाराची भाषा : लेबल आणि चौकट

अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्तींचा परिचय तुम्हांला काव्यविचाराच्या संदर्भात झाला आहे. या शक्ती काव्यापुरत्या मर्यादित नाहीत. निवडणूक प्रचारातही त्या कार्य करतात आणि मतदार म्हणून त्यांचा परिणाम आपल्यावर होत असतो.

नाव आणि चौकट

एखाद्या विषयाला चिकटवलेल्या नावाला आपण ‘लेबल’ म्हणू. त्या नावामुळे विषयाची एक बाजू समोर येते व दुसरी झाकली जाते. या मांडणीला ‘चौकट’ म्हणता येईल. अमेरिकेत मृत व्यक्तीच्या संपत्तीवरील करास ‘इस्टेट टॅक्स’ असे नाव आहे. त्याच्या विरोधकांनी १९९० च्या दशकात ‘डेथ टॅक्स’, म्हणजे ‘मृत्युकर’, हा शब्द प्रचारात रूढ केला. हा कर मोजक्या मोठ्या मालमत्तांनाच द्यावा लागतो. परंतु मृत्यू कोणालाच चुकत नाही; त्यामुळे हा कर आपल्यालाही भरावा लागेल, असे त्या शब्दातून सूचित होते. हे व्यंजनेचे कार्य होय.

प्रश्न कोण ठरवतो?

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत एकत्र आलेल्या विरोधी पक्षांची घोषणा ‘इंदिरा हटाओ’ ही होती. इंदिरा गांधींनी तिला ‘गरिबी हटाओ’ असे उत्तर दिले. क्रियापद तेच राहिले, कर्म तेवढे बदलले. एका व्यक्तीविषयीचा प्रश्न दारिद्र्याविषयीचा झाला आणि विरोध करणारे जणू गरिबीच्याच बाजूचे आहेत, असे चित्र उभे राहिले. त्यांच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. या यशामागे बँकांच्या राष्ट्रीयीकरणासारखी अन्य कारणेही होती. तथापि त्या सर्वांना एका सूत्रात ओवण्याचे काम घोषणेने केले.

चौकट नेहमीच यशस्वी होते असे नाही. २००४ मध्ये सत्तारूढ राष्ट्रीय लोकशाही आघाडीचा भर ‘इंडिया शायनिंग’वर होता. देश उजळला आहे, असे हे शब्द सांगतात. कोणासाठी, हे सांगत नाहीत. काँग्रेसने नेमकी तीच रिकामी जागा हेरली आणि सामान्य माणसाला काय मिळाले, असा प्रश्न विचारला. सत्ताबदल झाला. मतदाराच्या अनुभवाशी न जुळणारा शब्द वापरणाऱ्यावरच उलटू शकतो, हे यावरून ध्यानात येते.

मतदाराचे वाचन

लेबल म्हणजे असत्य नव्हे; नाव दिल्याशिवाय कोणत्याही विषयावर बोलता येत नाही. म्हणून घोषणा ऐकताना तीन प्रश्न विचारावेत : हे नाव कोणी दिले? त्याने काय झाकले? दुसरे नाव दिले असते तर माझे मत तेच राहिले असते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर आपले मत विषयावर नव्हे, शब्दावर बेतलेले आहे, हे ओळखावे. आपल्या आवडत्या पक्षाच्या घोषणेलाही हे प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

स्वाध्याय : एकाच प्रकल्पाला एक पक्ष ‘विकास’ व दुसरा ‘विस्थापन’ म्हणतो. दोन्ही शब्दांचा वाच्यार्थ व व्यंग्यार्थ स्पष्ट करा.