जुनी स्कूटर शहरालाही आणि लांबच्या रस्त्यालाही: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चारठाण्याहून जिंतूर वीसेक किलोमीटर, परभणी साठेक, जालना ऐंशीच्या आसपास आणि छत्रपती संभाजीनगर त्याच्याही पुढे. ज्या घरांतली मुलं-मुली शिकायला गेली किंवा वाळूज-शेंद्र्याला कामाला लागली, त्यांना एकाच गाडीकडून दोन कामं हवी असतात. आठवडाभर शहरातली गर्दी आणि सुट्टीला गावाकडचा लांब रस्ता. नवीन गाडीचा हप्ता झेपत नाही, म्हणून जुनी स्कूटर शोधली जाते. गॅरेजात आणि चहाच्या हॉटेलात सल्ला भरपूर मिळतो, पण त्यातला बराच दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाड्यांना धरून असतो. मधल्या काळात गाड्या बदलल्या, कायदे बदलले. म्हणून नेहमी कानावर पडणारी काही वाक्यं घेऊन त्यांतलं खरं-खोटं इथे वेगळं करतो.

"रोडला न्यायची तर दीडशे सीसीच घे"

सीसी म्हणजे सिलिंडरची क्षमता. ताकद तिच्यावर अवलंबून असते, पण फक्त तिच्यावर नाही. जुन्या टू-स्ट्रोक चेतकचं इंजिन 145 सीसीचं होतं आणि ताकद साडेसात अश्वशक्तीच्या आसपास. 2018 मध्ये आलेली टीव्हीएस एनटॉर्क 125 सीसीच्या आत राहून नऊच्या वर जाते. सुझुकी ॲक्सेस 125, बर्गमन स्ट्रीट आणि होंडा ॲक्टिव्हा 125 या आठ ते नऊच्या दरम्यान आहेत. दोन माणसं बसवून सपाट रस्त्यावर साठ-पासष्टचा वेग या गाड्या आरामात धरतात. कायद्यालाही याहून फार जास्त नको आहे. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी 80 आणि साध्या दुपदरी रस्त्यावर 60 आहे.

दीडशेच्या वरच्या स्कूटर चांगल्या नाहीत असं मुळीच नाही. अप्रिलिया एसआर किंवा यामाहा एरॉक्स 155 घेतली तर ऊस किंवा कापसाने भरलेल्या गाडीला ओलांडताना हाताशी जोर राहतो. पण त्याचे दोन खर्च आहेत आणि ते आधी कुणी सांगत नाही. पहिला विम्याचा. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला 714 रुपये, आणि 150 ओलांडलं की 1366 रुपये, वर जीएसटी. दुसरा खर्च सोयीचा. एरॉक्सला पाय ठेवायची सपाट जागाच नाही, मधून उंचवटा आहे आणि त्यात पेट्रोलची टाकी. बियाण्याची बॅग, फवारणीचा पंप, गॅसची टाकी पुढे ठेवून न्यायची असेल तर ही गाडी उपयोगाची नाही. शेतीशी संबंध असलेल्या घराला 125 चीच स्कूटर जास्त कामाला येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

"सगळ्या स्कूटर सारख्याच, चाकात काय पाहायचं?"

लांबच्या रस्त्यासाठी इंजिनापेक्षा आधी चाक पाहावं. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिच्यावरचा डांबरी रस्ता लवकर लाटा धरतो आणि कडेला खचतो. अशा रस्त्यावर 10 इंची चाक खड्ड्यात खोल उतरतं, 12 इंची कमी उतरतं, 14 इंची आणखी कमी. लोकांच्या तोंडी सगळ्यात जास्त असलेली ॲक्टिव्हा 5जीपर्यंत दोन्ही बाजूंनी 10 इंची चाकांवर होती आणि पुढे दुर्बिणीसारखा आत-बाहेर होणारा शॉकॲब्सॉर्बर नव्हता. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या 6जीला पुढे 12 इंची चाक आणि टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बर मिळाला. शहरातल्या शहरात जुनी ॲक्टिव्हा उत्तम चालते. जालन्याच्या रस्त्यावर रोज नाही, पण दर आठवड्याला न्यायची असेल तर पुढचं चाक 12 इंचाचं आणि शॉकॲब्सॉर्बर टेलिस्कोपिक, याच्या खाली येऊ नका. एनटॉर्कची दोन्ही चाकं 12 इंची आहेत. ॲक्सेस आणि ॲक्टिव्हा 125 ला पुढे 12, मागे 10.

टायरवर नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, हाही समज चुकीचा. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तो बनला. अंगणात उभ्या असलेल्या गाडीची नक्षी झिजत नाही, पण मराठवाड्याच्या उन्हात रबर कडक होतं आणि बाजूने भेगा पडतात. पाच-सहा वर्षांपुढचा टायर दिसला तर दोन नव्या टायरांची किंमत बोलणीतून वजा करा.

चालवून पाहताना पन्नासच्या वेगाला हँडल थरथरतं का, एका बाजूला ओढतं का, हे पाहा. तसं होत असेल तर हँडलचा कोनसेट गेला असेल, रिम वाकली असेल किंवा गाडी कुठेतरी आपटली असेल. पहिल्या दोन गोष्टी दुरुस्त होतात. शासी वाकली असेल तर गाडी सोडून द्या.

"ब्रेक काय, सगळ्यांनाच असतो"

1 एप्रिल 2019 ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवसापासून विकल्या जाणाऱ्या 125 सीसीपर्यंतच्या प्रत्येक दुचाकीला सीबीएस आणि त्यापुढच्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये डावा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. एबीएस जोराच्या ब्रेकला चाक अडकू देत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. सीबीएस असलेल्या गाडीचं चाक ओल्या रस्त्यावर अडकू शकतं. "कंपनीचं एबीएस आहे" असं 125 च्या जुन्या स्कूटरबद्दल कुणी सांगत असेल तर बहुतेक वेळा तो सीबीएसबद्दलच बोलत असतो. एकाच मॉडेलमध्ये पुढे ड्रम आणि पुढे डिस्क असे दोन प्रकार असतात. लांबच्या रस्त्यासाठी डिस्कचाच घ्या.

"किलोमीटर कमी, म्हणजे गाडी नवीकोरी"

मीटरचा आकडा मागे घेता येतो, डिजिटल मीटरचाही. म्हणून आकड्याची साक्ष गाडीच्या अंगावरून काढायची. आठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या मुठी गुळगुळीत होत नाहीत, फूटबोर्डाचं मॅट झिजत नाही, ब्रेकचा लिव्हर पांढरा पडत नाही. सर्व्हिसच्या पावत्यांवर तारखेसोबत किलोमीटर लिहिलेले असतात. त्या सलग लावून पाहिल्या की खोटं लपत नाही.

आकडा खरा असला तरी फार उभी राहिलेली गाडी चांगलीच असेल असं नाही. बॅटरी बसते, जुनं पेट्रोल डिंकासारखं चिकटतं, सील सुकतात. पाच वर्षांत तीस हजार किलोमीटर चाललेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी मी पाच हजारवालीपेक्षा आधी निवडेन.

बघायला जाताना विकणाऱ्याला गाडी आधी सुरू करून ठेवू नका असं सांगा. पोचल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन ते गार आहे का पाहा आणि मग स्वतः सुरू करा. गार इंजिन सुरू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर येऊन तो येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. हिवाळ्यातल्या सकाळी पहिला मिनिटभर पांढरी वाफ आली तर काळजी नको.

"गिअर नाही, चेन नाही, म्हणजे खर्चच नाही"

या एका समजुतीने जेवढ्या स्कूटर वाया गेल्या तेवढ्या अपघातांनीही गेल्या नसतील. स्कूटरला चेन नसते, तिच्या जागी डाव्या बाजूच्या झाकणाखाली रबरी बेल्ट असतो. वेग वाढला की रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीचा व्यास बदलतो, आणि गिअर आपोआप बदलल्यासारखा होतो. बेल्ट आणि रोलर झिजतात. साधारण वीस ते चोवीस हजार किलोमीटरला बेल्ट बदलावा लागतो. तो बदलला नाही तर एक दिवस तुटतो, आणि तुटतो तो चढावर किंवा लांबच्या पल्ल्यात, कारण ताण तिथे असतो. बेल्ट तुटला की इंजिन चालू राहतं, मागचं चाक फिरत नाही. रात्रीच्या वेळी मंठा आणि जालन्याच्या मध्ये हे झालं तर काय होईल याचा विचार करा.

चाचणीत सुटताना गाडी थरथरली तर क्लच आणि त्याच्या बेलकडे पाहायला सांगा. थांबलेल्या स्थितीतून उचलताना इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, तर बेल्ट घसरतोय किंवा रोलर चपटे झालेत. वीस हजारांपुढची गाडी असेल आणि बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरून चाला. गाडी घेतल्या घेतल्या बेल्ट आणि रोलर नवे टाका, मगच लांब न्या.

ऑइलचंही असंच. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, स्कूटरचा कोरडा असतो. म्हणून स्कूटरच्या ऑइलच्या डब्यावर जासो एमबी असं लिहिलेलं असतं आणि मोटरसायकलच्या डब्यावर एमए. स्कूटरच्या इंजिनात ऑइल लिटरभरही नसतं, त्यामुळे ते लवकर खराब होतं. मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीत वेगळं ऑइल असतं. विकणाऱ्याला ते कधी बदललं हे विचारा. बहुतेकांना ते असतं हेच माहीत नसतं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं नवं मानक आलं आणि स्कूटरमध्ये कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. "इंजेक्शनची गाडी खेड्यात दुरुस्त होत नाही" म्हणून लोक मुद्दाम जुनी शोधतात. ती गरज आता राहिलेली नाही. चावी फिरवली की मीटरवर इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर तो काढून टाकला असण्याची शक्यता आहे. बॅटरी मात्र चांगलीच हवी, कारण पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि बॅटरी पूर्ण बसली तर किकचाही उपयोग होईलच असं नाही.

"फॉर्मवर सह्या झाल्या, बाँड केला, गाडी आपली झाली"

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, आणि विकणाराही फसतो. स्टॅम्प पेपरवरचा करार हा दोघांतला पुरावा आहे. कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. 6 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठरवलं. गाडी अनेक हातांतून गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर आली. ज्याने गाडी विकून पैसे घेतले, विषय संपला असं समजला, त्याने हे वाचावं.

घेणाऱ्याचं नुकसान याहून मोठं असू शकतं. विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते नोंदलेल्या मालकासाठी असतं. गाडी तुम्ही चालवत होता, पण नाव पुण्यातल्या कुणाचं तरी, तर तुमच्या घरच्यांना त्यातला रुपया मिळत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतरण कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30. गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बोजा दिसतो. बँकेचं नाहरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन तो उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तृतीय पक्ष विमा गाडीसोबत तुमच्याकडे येतो, पण तोही 14 दिवसांत नावावर करायचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं आहे. सप्टेंबर 2018 नंतरच्या नव्या गाड्यांना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा मिळाला होता. त्यामुळे 2019 च्या गाडीचा मालक "विमा आहे की" म्हणाला तरी तारीख पाहा, तो 2024 मध्येच संपला.

एमएच 12 किंवा 14 ची गाडी घेतली म्हणून बिघडत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबरही बदलावा लागत नाही आणि एकरकमी करही पुन्हा लागत नाही. तेलंगणाची स्वस्त गाडी मात्र नाहरकत, इथला कर आणि नवा नंबर धरून बघा. ती स्वस्त राहत नाही. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहून घ्या.

"समृद्धीवरून भरकन जाऊ"

जालन्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेश नाही, मग ती कितीही सीसीची असो. म्हणून समृद्धीचा हिशेब धरून मोठी गाडी घेण्यात अर्थ नाही.

किमतीबद्दल एकच. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. विकणारा आपण भरलेल्या जुन्या किमतीवरून भाव सांगतो. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून मोजायला सुरुवात करा.

चारठाण्यासारख्या गावातून शहर आणि लांबचा रस्ता दोन्ही करणाऱ्यासाठी माझी निवड अशी: 2020 नंतरची 125 सीसी, पुढे डिस्क, पुढचं चाक 12 इंची, सर्व्हिसच्या पावत्या असलेली, एकाच मालकाची. ॲक्सेस, ॲक्टिव्हा 125, एनटॉर्क यांपैकी जिचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला जवळ पडतं ती. व्यवहाराच्या दिवशी सगळे पैसे देऊ नका. काही रक्कम हातात ठेवा, परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज दोघांनी मिळून करा आणि आरसीवर तुमचं नाव आल्यावरच उरलेले पैसे द्या.