वटवाघूळ आणि कावळा

सांजवेळी गावाबाहेरच्या वडाकडे बघावे. कावळे कावकाव करीत मुक्कामाला येतात. त्याच वेळी वटवाघळे झाड सोडून बाहेर पडतात. दोघेही उडतात. म्हणून वटवाघळालाही आपण पाखरू म्हणतो. पण ते पाखरू नव्हे बरं का!

कावळ्याच्या अंगावर पिसे असतात. त्याला चोच असते, दात नसतात. त्याची मादी एका वेळी तीन ते पाच अंडी घालते. वटवाघळाच्या अंगावर केस असतात. तोंडात दात असतात, डोक्याला कान असतात. त्याची मादी पिलाला जन्म देते आणि गाईसारखी अंगावर पाजते. लहान पिलू आईच्या पोटाला घट्ट धरून तिच्याबरोबर उडत हिंडते.

मग पंख कुठून आले? आपला पंजा पसरून पाहा. ही बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबच लांब झाली आणि मध्ये पातळ कातडे ताणले, की झाला वटवाघळाचा पंख! अंगठा तेवढा मोकळा राहतो. त्याला नखी असते. मोठ्या वटवाघळाने पंख पसरले तर चार फूट भरतात.

वटवाघूळ तोंडाने शी करते, असे लोक सांगतात. लहानपणी आम्हांलाही ते खरे वाटे. पण ते फळाचा रस गिळते आणि चोथा थुंकते. झाडाखाली पडतो तो हाच.

पेरू-चिकू खाल्ले की बागवाला चिडतो. नुकसान होतेच, त्याचा राग खोटा नाही. पण हेच वटवाघूळ वडा-उंबराचे बी लांब नेऊन टाकते. मोहाला फळ धरायलाही मदत करते. १९७२ च्या कायद्याने त्याला उपद्रवी ठरविले होते. त्या यादीत कावळाही होता! २०२२ साली कायदा बदलला आणि ती यादीच गेली. वटवाघळाला वर्षाला बहुधा एकच पिलू होते. एकदा मारून टाकली, तर वड पुन्हा भरायला वर्षे लागतात.

एक जपावे. केरळात २०१८ साली निपा नावाच्या रोगाने माणसे दगावली. त्याचा विषाणू या वटवाघळांच्या अंगी असू शकतो. कावळ्याने टोचलेला पेरू आपण तेवढा भाग कापून खातो. पण टोचला कोणी, हे कसे कळणार? असे फळ टाकून द्यावे, जनावरांनाही घालू नये. आणि खाली पडलेल्या वटवाघळाला उघडा हात लावू नये.