अभिघातज हस्तशोथ : बोटांवरील सूज व नीलिमा

हातावर मार बसलेला रुग्ण पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बोटे सुजून काळीनिळी झाल्यावर आपल्याकडे येतो. तोवर औषधालयातून लेपगोळी नेऊन झालेली असते. मार मनगटाशी आणि निळी मात्र बोटे, याचे त्यास भय वाटते. वस्तुतः हात खाली लोंबत राहिल्याने त्वचेखाली साकळलेले रक्त बोटांकडे उतरते. हाताच्या पाठीवरील त्वचा सैल असल्यामुळे तळव्यास मार असला तरी सूज पाठीवरच अधिक दिसते. म्हणून सूज तेथेच इजा असे न मानता एकेक अस्थी दाबून दुखरी जागा शोधावी.

असा निळेपणा जांभळा, हिरवट, पिवळसर होत साधारण दोन आठवड्यांत मावळतो. परंतु बोट थंड व बधिर असेल, नख दाबून सोडल्यावर लाली दोन सेकंदांत परतत नसेल, किंवा बोट हलकेच सरळ करताना असह्य कळ येत असेल, तर रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे धाडावे. तेथे प्रश्न तासांचा असतो. अंगठी पहिल्या भेटीतच काढावी. न निघाल्यास कापावी. नातेवाईक सोन्याचा विचार करतात, वैद्याने करू नये.

सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत मोडलेले वा निखळलेले बोट समस्थितीत बसवून बारीक पट्टीने वेष्टावे व त्यावर घृतसेक करावा असे सांगितले आहे. अतिगाढ बंधनाने शोथ, वेदना व पाक होतो, हेही तेथेच आहे. बंध सोडून पुन्हा बांधण्याचा काळ शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच व उष्ण ऋतूत तीन दिवस. हाडवैद्याने करकचून बांधलेली सुजरी बोटे पाहिली की हा अध्याय किती थोड्यांनी वाचला आहे असे आम्हांस वाटते. ताज्या इजेत मात्र बंधाखालील बोटांची टोके रोज पाहावीत.

हातावर पडलेल्या तरुणाच्या अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर पडणाऱ्या खळग्यात दुखत असेल, तर स्काफॉइड अस्थीचा भग्न गृहीत धरावा. पहिल्या क्ष-किरण चित्रात तो पुष्कळदा दिसत नाही. मनगट व अंगठा स्थिर ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र काढावे. या अस्थीस रक्त बहुतांशी दूरच्या टोकाकडून मिळते; दुर्लक्षाने अलीकडचा तुकडा मृत होतो व मनगट कायमचे दुखते. बोटाचे टोक वाकून आपणहून सरळ होत नसेल, तर ते अखंड सहा ते आठ आठवडे सरळ पट्टीत ठेवावे लागते. मध्ये एकदा वाकले तरी गणना पुन्हा पहिल्यापासून.

पहिले दोन दिवस शेक व मर्दन नको. हात हृदयापेक्षा उंच ठेवावा, वस्त्रांतरित शीतोपचार करावा. आंबेहळद, रक्तचंदनादी लेप अक्षत त्वचेवरच, आणि वाळताच काढावा. औषधविक्रेत्यांनी लेपगोळी देण्यापूर्वी हात पाहावा, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय हे विचारावे. तशा रुग्णात किरकोळ मारानेही मोठा रक्तसंचय होतो. त्यास लेप देऊन घरी न पाठविता वैद्याकडे पाठवावे.